ठासणीची बंदूक आणि कायदा-सुव्यवस्था

माझ्या सासरी बंदूक आहे असं मी गारखेड्यातल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये एकदा बोलून गेले, तेव्हापासून शेजारच्या बायका माझ्याशी जरा जास्तच गोड बोलतात. आम्ही सुट्टीच्या दिवशी गावाकडं दरोडे घालायला जातो अशी त्यांची समजूत झाली असावी. "तुम्हाला भीती नाही वाटत?" असं एकीनं विचारलं. आता काय सांगायचं? ती बंदूक ठासणीची आहे. नळीत वरून बंदुकीची दारू ओतायची, चिंध्या कोंबायच्या, गजानं ठासायचं, टोपी बसवायची आणि मग देवाचं नाव घेऊन चाप ओढायचा. एवढं होईपर्यंत रानडुक्कर मका खाऊन, पाणी पिऊन, पिल्लांना घेऊन डोंगरात परत गेलेलं असतं.

परवाना पीक संरक्षणाचा आहे, सासऱ्यांच्या नावावर. सासऱ्यांना सगळं गाव अण्णा म्हणतं, मीही अण्णाच म्हणते. अण्णांनी ह्या बंदुकीनं आजवर एकही जीव मारलेला नाही. नळीत ते छर्रे घालतच नाहीत, नुसता बार काढतात. डुकराला आवाज पुरतो, असं त्यांचं म्हणणं. खंडेनवमीला मात्र बंदुकीला खुंटीवरून उतरवून तेल लावतात, पाटावर ठेवतात, हळदकुंकू वाहतात, झेंडूचा हार घालतात. माझ्या लग्नातल्या शालूचीही कुणी एवढी निगा राखली नसेल.

निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करायची, हा सरकारी दस्तूर. ग्रामपंचायत, पंचायत समिती, विधानसभा, लोकसभा. आपल्याकडं लोकशाही इतकी जोरात आहे की माझ्यापेक्षा ही बंदूकच जास्त वेळा माहेरी जाऊन राहिली आहे. आणि तिला परत आणायला अण्णा स्वतः जातात. मला आणायला कधी कुणी आलं नाही, मी आपली एसटीनं येते.

गाव कन्नडच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी. त्याचं नाव सांगत नाही आणि ठाण्याचं तर नाहीच नाही, परवान्याचं नूतनीकरण अजून व्हायचं आहे.

नदीचं मात्र सांगावं लागेल. डोंगरातून उतरणारी नदी आमच्या शेतातल्या टेकाडाखालून जाते. आमची वस्ती त्या टेकाडालाच लागून आहे. तिथून पुढं नदी दोन वळणं घेते आणि खालच्या वळणावर पात्राच्या मधोमध एक बेट आहे, वाळू-गोट्यांचं, वर थोडं गवत आणि दोन बाभळी. पावसाची झड लागली, रानं चिखलानं भरली, की मेंढ्यांची खुरं सडतात. मेंढी आधी लंगडते, मग बसते, आणि बसली की उठत नाही. अशा दिवसांत त्यांना कोरड्यात पाय ठेवायला जागा म्हणजे ते बेट. अजिंठ्याच्या बाजूचं एक धनगराचं बिऱ्हाड दर पावसाळ्यात तिथं यायचं. नवरा-बायको, मेंढ्या, एक घोडं आणि दोन कुत्री. रात्री कळप काठावर पालाशेजारी, दिवसा बेटावर.

बेटावरून वरची नदी दिसत नाही. ती दिसते आमच्या टेकाडावरून. म्हणून फार जुना ठराव होता, अण्णांच्या वडिलांच्या आणि त्या धनगराच्या वडिलांच्या वेळचा. डोंगरातून पाणी येताना दिसलं की टेकाडावरून बार काढायचा. रात्रीचा बार डुकरांसाठी, दिवसाचा बार पाण्यासाठी. दिवसा बार ऐकू आला, की धनगरानं हातातलं टाकून मेंढ्या काठावर घ्यायच्या. पाणी टेकाडाखालून बेटापर्यंत पोचेस्तोवर तेवढी सवड मिळायची. शहाणी माणसं ह्याला पूर्वसूचना यंत्रणा म्हणतात आणि तिच्यावर जेवणासकट कार्यशाळा घेतात. आमच्याकडं तिला अण्णांचा बार म्हणायचे.

त्या वर्षी नवरात्रात मी घट बसवायला म्हणून दोन दिवसांसाठी गावी गेले आणि अडकले. पाऊस असा लागला की थांबायचं नाव नाही. घाटात दरड आली, गावाबाहेरच्या ओढ्यावरचा फरशी पूल पाण्याखाली गेला, लाईट गेली आणि लाईटमागोमाग मोबाईलचा टॉवरही गेला. नवरा गारखेड्यात, मी इकडं. सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं, तेवढाच आराम." कुणाला, ते त्यांनी सांगितलं नाही.

तिकडं नदीच्या खालच्या अंगाला दोन गावांत पाझर तलावाचा बांध फोडण्यावरून जुंपली. एक गाव म्हणे फोडा, आम्ही वाचू. दुसरं म्हणे फोडाल तर आम्ही जाऊ. त्या गोंधळात कुणीतरी माकडं हाकलायची छर्‍याची बंदूक हवेत नाचवली आणि दुसऱ्या कुणीतरी तिचा व्हिडिओ काढला. व्हिडिओ रेंज असलेल्या गावात पोचला, तिथून तालुक्याला, तिथून वर. मग वरून खाली आदेश आला की पूरग्रस्त भागातली सगळी परवानाधारक शस्त्रं ताबडतोब जमा करून घ्या. माकडं हाकलायच्या बंदुकीला परवाना लागत नाही, त्यामुळं भांडणात नाचलेली तेवढी एक बंदूक आदेशातून सुटली.

एवढ्या दिवसांत आमच्याकडं ना तलाठी आला होता, ना डॉक्टर, ना साधी मेणबत्ती. मग एका सकाळी ट्रॅक्टरचा आवाज आला आणि सगळी वस्ती बाहेर आली. सरकार आलं! मोठ्या चाकांचा ट्रॅक्टर पुलावरच्या पाण्यातून कसाबसा निघायचा, पायी माणूस मात्र वाहून गेला असता. आमच्या वस्तीवरही ट्रॅक्टर आहेत, पण डिझेल संपलं होतं आणि डिझेल पुलाच्या पलीकडं मिळतं. तर ट्रॉलीतून ठाण्यातले एक जमादार आणि एक शिपाई उतरले. बायकांनी विचारलं, धान्य आणलं का. जमादार म्हणाले, "बंदूक कुणाकडं आहे?"

अण्णा पुढं झाले. "निवडणूक लागली का साहेब?"

"नाही अण्णा, आपत्ती आहे."

"ती दिसतीय की. पर तिचा आन् बंदुकीचा काय संबंध?"

"कायदा-सुव्यवस्था. अशा वेळी लोक बिथरतात."

आमच्या वस्तीवर त्या क्षणी बिथरलेली मी एकटीच होते, पण माझ्या नावावर परवाना नव्हता. अण्णांनी शांतपणे त्यांना बाराचं सगळं समजावून सांगितलं. टेकाड दाखवलं, नदीचं वळण दाखवलं, बेट कुठल्या अंगाला आहे ते हातानं दाखवलं. जमादारांनी नीट ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "आता मोबाईलवर अलर्ट येतो अण्णा. एकदम मोठ्यानं वाजतो."

"मोबाईल बंद हायत साहेब. टॉवरच गेलाय."

"टॉवर चालू झाला की येईल."

मी म्हणाले, "साहेब, तुम्ही आदेश नीट वाचा. ज्यांच्याकडं पुरासाठीच बंदूक आहे त्यांच्याबद्दल काही लिहिलं असेल." त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की शहरातली सून आहे हे त्यांना कळलं असावं. सासूबाईंनी तेवढ्यात अद्रक घातलेला चहा आणला. सरकारनं चहा घेतला.

निवडणुकांमुळं अण्णांच्या हाताला बंदूक जमा करायची सवयच झाली होती. त्यांनी ती खुंटीवरून काढली, पुसली, नळीला तेलाचा हात फिरवला आणि पावसात गंजू नये म्हणून खताच्या रिकाम्या गोणीत गुंडाळून दिली. बंदुकीच्या दारूचा डबा चुलीवरच्या फळीवर होता, तोही त्यांनी काढून दिला. जमादार म्हणाले, तो राहू द्या, आदेशात फक्त शस्त्र आहे, दारूगोळ्याचा आदेश वेगळा येईल. कायदा इतका बारकाईनं पाळणारी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत.

ट्रॅक्टर निघताना अण्णा ट्रॉलीला धरून चार पावलं चालत गेले. "साहेब, तुमचा रस्ता बेटाजवळूनच जातो. तेवढं धनगराला सांगा, बंदूक नेली म्हणून. बाराच्या भरवशावर राहू नको म्हणावं."

"सांगतो की."

"इसरू नका."

"अण्णा, रस्त्यातच आहे."

तरी अण्णांचं समाधान नव्हतं. बेटाकडं जायला पूल ओलांडावा लागतो, म्हणून रोज सकाळी ते पुलापर्यंत जायचे, काठीनं पाणी चाचपायचे आणि परत यायचे. पाणी कमरेच्या वर आणि ओढ एवढी, की काठीच हातातून निघून जायची. मग एक दिवस लख्ख ऊन पडलं. सासूबाईंनी गोधड्या बाहेर काढल्या, बायकांनी मिळेल त्या दोरीवर लुगडी वाळत घातली. अण्णा पुलावरून आले ते खुशीत. "उतरलं पाणी. उद्या पायी जाऊन येतो बेटावर."

दुपारी मी त्यांची भाकरी घेऊन टेकाडावर गेले. आमच्या डोक्यावर ऊन होतं, पण डोंगर मात्र काळा झाला होता. अण्णांनी एक घास तोंडात घातला आणि दुसरा हातातच राहिला. ते उभे राहिले. "पाणी आलं," म्हणाले. मला आधी काही दिसेना. मग दिसलं. डोंगराच्या तोंडातून नदीच्या दोन्ही काठांना घासत लाल पाणी येत होतं आणि त्याच्यापुढं झाडं लोळत होती.

अण्णा धावले. ह्या वयात माणूस एवढा धावू शकतो हे मला माहीत नव्हतं. मी मागोमाग. ते थेट घरात शिरले आणि त्यांनी हात वर केला, खुंटीकडं. खुंटी रिकामी. त्यांना माहीत होतं, सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं, पण पायांना आणि हाताला ते कुणी कळवलंच नव्हतं. हात तसाच वर ठेवून त्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या तोंडावर जे होतं ते मला अजून दिसतं.

मग आम्ही जे सुचेल ते केलं. मी पितळी परात घेऊन टेकाडावर पळाले आणि उलथन्यानं बडवायला लागले. सासूबाईंनी घमेलं बडवलं. वस्तीवरची सगळी माणसं येऊन ओरडायला लागली. अण्णांनी दारूचा डबा आणला, अख्खी दारू खडकावर ओतली आणि काडी लावली. नळीत ठासलेली नसली की ती दारू नुसती फुस्स करते. मोठा पांढरा धूर झाला आणि वाऱ्यानं डोंगराकडं नेला. नदीचा आवाज एवढा होता की माझी परात मलाच ऐकू येत नव्हती. पाणी आमच्या समोरून गेलं. पहिलं वळण घेतलं, दिसेनासं झालं. अण्णा तिकडंच बघत होते. थोड्या वेळानं ते नुसतं "पोचलं" म्हणाले आणि खाली बसले.

दिवस मावळायच्या आत पलीकडच्या काठावरून कुणीतरी तोंडाला हात लावून ओरडलं, की दोघं नवरा-बायको बाभळीवर चढली म्हणून वाचली. मेंढ्या गेल्या. काठाच्या बाजूला होत्या त्या चार-दोन राहिल्या, बाकीचा सगळा कळप गेला. कुत्रीही गेली. अण्णा जेवले नाहीत.

बंदुकीचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना कायदा-सुव्यवस्थेची काळजी लागली असेल त्यांचा जीव भांड्यात पडेल. बंदूक अत्यंत सुरक्षित होती. ठाणं सखल भागात असल्यामुळं त्याच्या कोठीत पाणी शिरलं आणि आसपासच्या गावांतून पुराच्या वेळी जमा केलेल्या सगळ्या बंदुका पुरात भिजल्या, एवढंच. खंडेनवमीला ठाण्यात रीतसर शस्त्रपूजन झालं. त्याचा फोटो पुढं सगळ्या ग्रुपवर फिरला. सरकारी रायफलींच्या रांगेच्या शेवटी आमची ठासणीची, झेंडूचा हार घालून, नळीवर गंजाचा पट्टा. ती परत द्यायला पूरपरिस्थिती निवळल्याचा आदेश यावा लागतो. आमच्याकडं गहू पेरून झाला, उगवून हातभर झाला, तरी सरकारदरबारी पूर काही ओसरेना. मोबाईलचा अलर्टही आला. टॉवर चालू झाला त्या दिवशी सगळ्या वस्तीचे मोबाईल एकदम किंचाळले, की नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. तेव्हा नदीत म्हशी बसल्या होत्या. आम्ही सतर्क राहिलो.

जमादार मला एकदा कन्नडच्या बाजारात भेटले. मी विचारलं, धनगराला निरोप दिला होता का. म्हणाले, "दिला की ताई. ट्रॅक्टर थांबवून सांगितलं, सतर्क राहा."

"आणि बंदुकीचं?"

"ते सांगत नसतात. कुणाचं शस्त्र जमा झालं ते गोपनीय असतं."

भर बाजारात मी काय बोलले ते लिहीत नाही. तेही गोपनीय असू द्या.

तर त्या पुराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी जसं आलं तसं उतरून गेलं होतं. मी अंगण झाडत होते. अण्णा दारात बसले होते. एकदम उठले आणि म्हणाले, "तो येतोय." पुलाकडच्या वाटेनं धनगर येत होता, एकटाच. अण्णा म्हणाले, "त्याला सांग, मी घरी नाय." आणि आत जाऊन कणगीमागं भिंतीकडं तोंड करून बसले. गावात कुणालाही तोंड न चुकवणारा हा माणूस. मला त्यांची दया आली आणि लगेच रागही आला, अण्णांचा नाही, सगळ्याचा. मी पदर खोचला. मनात सगळं भाषण तयार केलं. आदेश, व्हिडिओ, जमादार, टॉवर, सगळं ओळीनं. तो भांडणार आणि त्याला भांडायचा हक्क होता. पण अण्णांच्या वाटचं बोलणं मी ऐकून घेणार होते.

तो अंगणात आला. पायात वहाणा नाहीत, डोक्याला पटका नाही, अंगावर बाभळीचे ओरखडे. धापा टाकत होता.

"वहिनी, अण्णा कुठं हायत?"

"घरी नाहीत," मी म्हणाले.

तो तिथंच चिखलात खाली बसला आणि मोठ्यानं रडायला लागला. एवढा बाप्या माणूस, लेकरासारखा रडत होता.

"मला वाटलंच व्हतं," तो म्हणाला. "झाडावरच बायकोला म्हणलं, बार नाय झाला म्हंजी अण्णाला कायतरी झालं. अण्णा हाय आन् बार नाय, आसं व्हायचंच नाय. मेंढरं डोळ्याम्होरून चालली व्हती वहिनी, आन् माझ्या डोक्यात येकच, पूल बंद हाय, अण्णाला दवाखान्यात कोन नेईल. पाणी उतरल्या उतरल्या निघालो. तरी उशीर झाला."

मी काही बोलायच्या आत आतून कणगीला धक्का लागल्याचा आवाज झाला आणि अण्णा दारात आले. चौकटीला धरून उभे राहिले.

धनगर उठला. आधी त्याला खरंच वाटेना. मग पुढं होऊन त्यानं अण्णांचे दोन्ही हात धरले, दंड चाचपले आणि रडता रडता हसायला लागला. "हायत की! धडधाकट हायत की! आवो वहिनी, आशी चेष्टा करत्यात व्हय?"

धनगरानं डोळे पुसले. त्याच्या बोलण्यात तक्रारीचा सूरही नव्हता, सकाळी चहा का नाही घेतला असं विचारावं तसं त्यानं विचारलं.

"मग बार का नाय काढला?"

"बंदूक पोलिसांनी नेली," मी म्हणाले.

"का?"

मला दुसरं काही सुचलं नाही. "पूर आला म्हणून."

मी पुन्हा चेष्टा करते आहे असं त्याला वाटलं असावं, म्हणून त्यानं अण्णांकडं पाहिलं. अण्णांनी मान हलवली. मग तो परत तिथंच खाली बसला आणि ह्या वेळी मेंढ्यांसाठी रडला.